ग्रिझ्लीच्या रानात एल्कची शिकार: तुम्ही काय काळजी घेता?

बोझमनकर
२१ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. सहा वर्षं माँटानात बोझमनला आहे, मूळचा सांगलीचा. इथे ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने शिकारीला लागलो. (आई अजूनही नातेवाइकांना "तो डोंगर चढायला गेलाय" असंच सांगते.) आधीची वर्षं पूर्वेकडच्या माळावर हरणांमागे फिरलो. तिकडे ग्रिझ्लीची, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाची, काळजी नव्हती. यंदा मात्र गॅलाटिन रांगेत एल्कला, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या शिकारीला, जायचंय, थेट यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उंबरठ्यावर.

धागा काढायला कारण मागच्या सप्टेंबरचा एक प्रसंग. मित्र धनुष्यबाण घेऊन होता, मी नुसता मांस वाहायला. स्प्रूसच्या दाटीत बसून तो एल्कच्या मादीचा आवाज काढत होता. वीसेक मिनिटांनी मागे काटक्या मोडल्या. मला वाटलं, आला नर. वळून पाहतो तर चाळीस पावलांवर ग्रिझ्ली, मान खाली, सरळ आमच्याकडे. मित्राने छातीवरचा बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा) काढून खिट्टी उडवली. अस्वलाला बहुधा आमचा वास लागला. हुफ्फ करून ते वळलं आणि झाडोऱ्यात गेलं.

आणि माझा स्प्रे? पाठीवरच्या पिशवीत, थालीपिठांच्या डब्याखाली.

घरी येऊन गणित मांडलं. ग्रिझ्ली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं. चाळीस पावलं म्हणजे दोन-अडीच सेकंद. तेवढ्यात माझा पिशवीचा एक पट्टाही सुटला नसता.

पायवाटेच्या तोंडाशी वनखात्याची पाटी असते: मोठ्याने बोलत चला, घोळक्याने चला, पहाटे-संध्याकाळी टाळा, मेलेल्या जनावरापासून लांब राहा. आम्ही अंधारात निघतो, श्वाससुद्धा दाबून चालतो, वाऱ्याच्या तोंडावर जातो म्हणजे जनावराला वास लागू नये, वर एल्कचा आवाज काढून सगळ्या रानाला "जेवण इथे आहे" म्हणून कळवतो. शेवटी तीनशे किलोंचं जनावर पाडून त्याच्याशेजारी कोपरापर्यंत रक्तात हात घालून बसतो. पाटीवरचा एकेक नियम मोडला की शिकारी तयार होतो.

तर अनुभवी लोकांना तीन प्रश्न. बंदूक हातात असताना स्प्रेचा खरंच उपयोग होतो का? जनावर पाडल्यावर मांस काढेपर्यंतचा वेळ कसा सांभाळता? आणि सगळं मांस एका खेपेत येत नाही, तर दुसऱ्या खेपेला परत जाताना काय पाहता?

---

मिझुलाची_मावशी
२१ सप्टेंबर, रात्री ११:०५

अरे बाबा, थालीपिठांच्या डब्याखाली! वाचूनच धस्स झालं.

मी स्वतः बंदूक धरत नाही, पण अठ्ठावीस वर्षं शिकाऱ्याच्या घरात नांदतेय. आमच्याकडे एकच कायदा आहे: स्प्रे छातीवर नसेल तर गाडीची किल्ली मिळत नाही. २००१ च्या ऑक्टोबरात ब्लॅकफूट-क्लिअरवॉटरच्या राखीव रानात एक शिकारी एकटाच एल्कची आतडी काढत बसला होता. ग्रिझ्लीने त्याला तिथेच मारलं. ते ठिकाण आमच्यापासून तासाभरावर. त्या आठवड्यात हे निघायला लागले तेव्हा मी दारात उभी राहिले होते. तेव्हापासून एकट्याने जाणं बंद.

सॅटेलाइट मेसेंजर घेतलायस ना? त्या डोंगरांत फोनला रेंज नसते. आणि कुठल्या दरीत जातोयस ते घरच्या फ्रिजवर कागदावर लिहून जा. फोनमध्ये नको, कागदावर.

---

रानभूल
२२ सप्टेंबर, सकाळी ६:४८

कोडी, वायोमिंग. इथे पंधरा वर्षं झाली, त्यातले बारा हंगाम एल्कमागे. जरा मोठं लिहितो.

आधी अस्वलाच्या बाजूने बघा. सप्टेंबरपासून ते झोपण्याआधीची चरबी साठवत असतं, दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं. व्हाइटबार्क पाइनच्या बिया, मुळं, मुंग्या, मिळेल ते. त्यात आपण रानात आतड्यांचे ढीग टाकतो. रेडिओ कॉलर लावलेल्या अस्वलांच्या हालचालींवरून दिसलंय की एल्कचा हंगाम सुरू झाला की यलोस्टोनच्या हद्दीलगतची ग्रिझ्ली पार्कमधून बाहेर सरकतात. पार्कमध्ये शिकार बंद, बाहेर चालू. त्यांना ते बरोबर कळतं. बंदुकीचा बार म्हणजे जेवणाची घंटा, असं इकडचे म्हातारे म्हणतात. बार ऐकून येतात की वाऱ्यावरच्या वासाने, यावर आमच्याकडे बिअर संपेपर्यंत वाद चालतो. पण येतात.

म्हणून खरा धोका चालताना कमी आणि जनावर पडल्यानंतर जास्त. १४ सप्टेंबर २०१८ ला टेटन वाइल्डरनेसमध्ये ग्रिझ्लीच्या हल्ल्यात एक वाटाड्या गेला. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी बाण मारलेला एल्क त्यांना दुसऱ्या दिवशी सापडला. दोघं मांस काढत होते आणि मादी, सोबत मोठं झालेलं पिल्लू, धावून आली. पिस्तूल होतं, पण काही यार्डांवर ठेवलेल्या सामानात. गिऱ्हाईक जखमी होऊन सुटला, वाटाड्या नाही. तो माणूस नवशिका नव्हता, हे लक्षात ठेवा.

यातून आमच्या टोळीने घेतलेली शिकवण. पहिली, संध्याकाळचा नेम सोडून द्यायचा. शेवटच्या दीड तासात कितीही देखणा नर समोर आला तरी घोडा ओढायचा नाही. रात्रभर जनावर रानात पडून राहिलं की सकाळी ते तुमचं असेलच असं नाही. याच गोष्टीवर दोस्त सगळ्यात जास्त चिडतात आणि हीच मी सगळ्यात कडक पाळतो.

दुसरी, राखण. एक जण कापतो, दुसरा फक्त राखण करतो. राखण म्हणजे राखण: हातात स्प्रे, पाठ मांसाकडे, डोळे झाडोऱ्याकडे. तो "जरा तंगडी धर" म्हटलं तरी वाकणार नाही. दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची, कारण तेवढ्या वेळाने माणूस फोनमधले फोटो बघायला लागतो. आणि आता गुपचूप राहायचं काही कारण उरलेलं नसतं. मोठमोठ्याने बोला, गाणी म्हणा.

तिसरी, पोट फाडूच नका. एका कुशीवर झोपवून वरच्या बाजूची कातडी सोडवायची, पुढचा फरा, मागचा फरा, पाठीचं आणि मानेचं मांस काढायचं, उलटवायचं, परत तेच. आतडी आतच राहतात. सरावाची दोन माणसं असली तर तासाभरात आटपतं. काढलेला प्रत्येक फरा लगेच कापडी पिशवीत घालून शंभर-दीडशे यार्ड लांब न्यायचा, तिथेच ढीग लावायचा नाही. नेण्याची जागा अशी की दुसऱ्या दिवशी लांबून दुर्बिणीतून दिसेल. झाडाला टांगायचं तर जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब. हे बोलायला सोपं आहे. पंचवीस-तीस किलोंचा फरा दहा फुटांवर चढवताना कळतं.

दुसऱ्या खेपेचं दुपारी लिहितो, कामाला निघालो.

---

पेठेतला
२२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

अस्वलाच्या घरात जाऊन त्याचं अन्न मारायचं आणि मग अस्वलापासून जीव कसा वाचवायचा म्हणून धागा काढायचा. घरी बसा की. वरण-भात खा. अस्वलही सुखी, तुम्हीही.

---

मिझुलाची_मावशी
२२ सप्टेंबर, सकाळी ९:५२

पेठेतला, वरण-भात मीही करते, रविवारी एल्कच्या खिम्याशेजारीच वाढते. इथे टॅग, म्हणजे जनावर मारायचे परवाने, ठरावीक मिळतात आणि बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. मतभेद असू द्या, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथे येऊन भांडेन.

---

आकडेमोड
२२ सप्टेंबर, दुपारी १२:१५

पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण इंटरनेटवर यावर फार फेकाफेक चालते.

स्प्रेचा जो अभ्यास सगळे सांगतात तो २००८ चा, अलास्कातल्या १९८५ ते २००६ च्या घटनांचा. त्यात ब्राउन बेअरवर, म्हणजे ग्रिझ्लीच्याच जातीवर, स्प्रेने ९२ टक्के वेळा अस्वलाचं नको ते वागणं थांबलं आणि वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ चा दुसरा अभ्यास बंदुकांचा, तोही अलास्काचाच, २६९ घटना. त्यात पिस्तूल ८४ टक्के आणि रायफल ७६ टक्के वेळा कामी आली. पण बंदूक असून ती वापरलेले आणि न वापरलेले यांच्या इजांमध्ये ठळक फरक दिसला नाही.

आता यावरून "स्प्रे ९२, बंदूक ७६, स्प्रे जिंकला" असं कोणी लिहिलं की समजा त्याने अभ्यास वाचलेला नाही. स्प्रेच्या घटनांमध्ये नुसती जवळ येऊन हुंगणारी अस्वलंही होती, तर बंदुकीच्या यादीत वाईट शेवट झालेल्या घटना जास्त असण्याची शक्यता आहे, कारण त्याच नोंदल्या जातात. दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण आहेत ते.

मला वैयक्तिक पटणारं कारण टक्केवारीचं नाहीच. डोंगरउतारावर, झाडीतून, ताशी ५५ च्या वेगाने उसळत येणाऱ्या गोष्टीच्या बशीएवढ्या मर्मावर नेम धरायचा की तिच्या वाटेत नुसता ढग उभा करायचा, हा प्रश्न आहे. दुसरं जास्त जणांना जमेल. शिवाय राखण करणाऱ्याच्या रेषेत जोडीदार असेल तर गोळीपेक्षा तिखट परवडलं. तिखट म्हणजे खरोखर तिखटच, मिरचीतलं कॅप्सायसिन एक ते दोन टक्के.

---

मोहाचं_झाड
२२ सप्टेंबर, दुपारी १:४०

मी गडचिरोलीकडचा, सध्या नागपूर. शिकारीचं काही बोलणार नाही, आमच्याकडं १९७२ च्या कायद्यानं ती बंद आहे आणि ते बरंच आहे. पण अस्वलाचं बोलू शकतो.

आमचं अस्वल तुमच्या ग्रिझ्लीपेक्षा लहान, पण स्वभाव विचाराल तर वाघ परवडला. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला लोकं पहाटे अंधारातच निघतात, आणि मोह अस्वलालाही प्यारा. दोघंही एकाच झाडाखाली, दोघंही खाली मान घालून. अचानक समोरासमोर आले की ते पळत नाही, अंगावर येतं आणि तोंडावर पंजा मारतं. चेहऱ्यावर तसे व्रण असलेली माणसं मी गावात लहानपणापासून पाहतोय.

म्हणून आजी एकटी कधीच गेली नाही. चार-पाच बाया, हातात काठी, झाडापासून लांबूनच खोडांवर काठ्या आपटत, गप्पा मारत जायच्या. "आपण येतो म्हणून त्याला सांगत जावं," म्हणायची. तुमच्या वनखात्याची पाटी आणि माझी आजी एकच सांगतात, बाप्पा.

---

बोझमनकर
२२ सप्टेंबर, दुपारी २:२०

मोहाचं_झाड, आजींना दंडवत. हे बायकोला वाचून दाखवलं.

आकडेमोड, "दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण" फार आवडलं. एक शंका: थंडीत स्प्रे चालतो का? आमच्याकडे नोव्हेंबरात उणे पंधरा सर्रास असतं.

---

रानभूल
२२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१०

थंडीत दाब कमी होतो, पल्ला घटतो. म्हणून जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायचा, पण असा की एका हाताने निघेल. रात्री तंबूत झोपण्याच्या पिशवीजवळ. उन्हाळ्यात उलटं: बंद गाडीत तापला तर फुटतो. मग ती गाडी कोणी विकतही घेणार नाही.

स्प्रेबद्दल थोडं आणखी. डब्यावर सरकारी नोंदणी असलेला बेअर स्प्रेच घ्यायचा, माणसांसाठीचा छोटा पेपर स्प्रे नव्हे. किमान २२५ ग्रॅमचा डबा, पल्ला पंचवीस फुटांच्या वर. तारीख बघा, साधारण चार वर्षांत मुदत संपते. अस्वल दहा-पंधरा मीटरवर आलं की जरा खालच्या अंगाला धरून दोन-तीन सेकंद मारा, म्हणजे त्याला ढगातून धावावं लागेल. पूर्ण डबा सात-आठ सेकंदांत संपतो, तेव्हा पहिल्याच धडाक्यात उधळू नका. सरावासाठी तिखट नसलेले डबे मिळतात. तीस-चाळीस डॉलर जातात, जाऊ देत. मी दर ऑगस्टमध्ये अंगणात मुलाला अस्वल करतो आणि तो धावत येतो. पहिल्या वर्षी तीनपैकी तीन वेळा त्याने मला खाल्लं.

आणि काही महाभाग तंबूभोवती स्प्रे मारून ठेवतात, डास पळवायच्या औषधासारखा. जमिनीवर पडलेल्या त्या वासाने अस्वल उलट हुंगायला येतं. करू नका.

आता दुसरी खेप. परत जाताना थेट मांसाकडे जायचं नाही. समोरच्या धारेवर किंवा जिथून लांबून दिसेल तिथे आधी बसायचं, दुर्बीण लावून निदान पंधरा मिनिटं. कावळे बघा. डोमकावळे आणि मॅगपाय आतड्यांवर निवांत बसून खात असतील तर ठीक. झाडांवर बसून कलकलाट करताहेत पण खाली उतरत नाहीत, म्हणजे खाली कोणीतरी आहे. ढिगावर माती, गवत, फांद्या ओढलेल्या दिसल्या तर विषय संपला: ग्रिझ्ली आपलं खाणं असं पुरतं आणि जवळच पडून राहतं. तिथून उलट फिरायचं. सगळं ठीक वाटलं तरी वारा पाठीवर घेऊन, ओरडत जायचं, म्हणजे आपला वास आधी पोहोचेल. शिकारीला जाताना जे केलं त्याच्या बरोबर उलट.

कायदाही माहीत असू द्या. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत ग्रिझ्ली १९७५ पासून संरक्षित आहे. तेव्हा सात-आठशे उरली होती, आज दोन हजारांच्या आसपास आहेत. २००७ आणि २०१७ मध्ये यलोस्टोनची अस्वलं संरक्षित यादीतून काढली, दोन्ही वेळा कोर्टाने परत घातली. माणसाचा जीव वाचवताना मारलं तर चालतं, ताबडतोब कळवावं लागतं. मांस वाचवायला मारलं तर ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभर तुरुंग होऊ शकतो. एल्क कितीही मोठा असला तरी तेवढ्याचा नसतो.

---

अलास्कावारी
२३ सप्टेंबर, सकाळी ८:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). पुढच्या जूनमध्ये यलोस्टोनला सहकुटुंब जातोय, शिकार वगैरे नाही. स्प्रे न्यू जर्सीहून विमानात नेता येईल का? चेक-इन बॅगेत?

---

बोझमनकर
२३ सप्टेंबर, सकाळी ८:४५

दोन्हीकडे बंदी आहे, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. इथे उतरल्यावर घ्या, किराणा दुकानातसुद्धा मिळतो, साधारण चाळीस-पन्नास डॉलर. यलोस्टोनच्या आसपास भाड्यानेही मिळतो. आणि पार्कात अस्वलापासून शंभर यार्ड, हा नियम फोटोच्या नादात विसरू नका.

---

गणपुले_काका
२३ सप्टेंबर, रात्री ९:१५

अवांतर: तिकडे आपल्या लोकांना बंदूक घेता येते? ग्रीन कार्ड लागतं का? आमचा भाचा एच-वनवर आहे, त्याला तुमच्यासारखीच हौस आलीय.

---

आकडेमोड
२३ सप्टेंबर, रात्री ९:४०

ग्रीन कार्डवर घेता येते. एच-वनवर एरवी बंदी, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे. भाच्याला सांगा वकिलाला विचारून मगच दुकानात जा. व्हिसाच्या बाबतीत आमच्यासारख्या धाग्यावरच्या वकिलांवर विसंबू नये.

---

मोहाचं_झाड
२४ सप्टेंबर, सकाळी ७:२५

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडं रानडुकरं पिकात येऊ नये म्हणून शेतकरी झटका मशीन लावतात, बॅटरीवरची तार. तुमच्याकडं मांसाभोवती असं काही करतात का?

---

रानभूल
२४ सप्टेंबर, सकाळी ८:००

करतात! बॅटरीवरचं हलकं कुंपण मिळतं, घोडे घेऊन जाणारे लोक मुक्कामाला आणि टांगलेल्या मांसाला लावतात. चालतही चांगलं. ओलं नाक तारेला लागलं की अस्वल परत विचार करतं. पाठीवर सगळं वाहणाऱ्यांना मात्र वजन नको होतं. "झटका मशीन" हा शब्द आता आमच्या टोळीला शिकवतो.

मुक्कामाचं आलंच आहे तर: स्वयंपाक आणि मांस तंबूपासून शंभर यार्ड लांब. रक्ताचे कपडे तंबूत नाही. टूथपेस्टसुद्धा नाही. साध्या कूलरला अस्वल जेवणाचा डबा समजतं.

---

मिझुलाची_मावशी
२४ सप्टेंबर, सकाळी ९:१०

एवढं सगळं झालं, पण अंगावर आलंच तर काय, ते कोणी लिहिलंच नाही. पळायचं नाही. कधीच नाही. हळू आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकायचं. स्प्रे मारूनही ते भिडलंच तर पालथं पडायचं, हात मानेमागे गुंफायचे, पाय फाकवून ठेवायचे म्हणजे ते उलथवू शकणार नाही. पाठीवरची पिशवी काढायची नाही, तीच चिलखत. बहुतेक वेळा ग्रिझ्ली पिल्लासाठी किंवा खाण्यासाठी घाबरून मारते, धोका टळलाय असं वाटलं की सोडते. गेलं वाटलं तरी लगेच उठायचं नाही. पण ते थांबेचना, किंवा रात्री तंबूत शिरलं, तर मग जिवाच्या आकांताने लढायचं. काळं अस्वल (इथली दुसरी जात) भिडलं तर पहिल्यापासूनच लढायचं.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नकोस, काळी अस्वलं तपकिरीही असतात. खांद्यावरचा उंचवटा, आत दबलेला चेहरा, लांब नखं. पण एवढं निरखण्याइतकं जवळ आलं असेल तर आधी स्प्रे.

---

रानभूल
२४ सप्टेंबर, सकाळी ९:२५

मावशींना +१. २०२२ च्या ऑक्टोबरात इथे कोडीच्या साउथ फोर्कमध्ये कॉलेजातली कुस्तीगीर पोरं गळलेली शिंगं शोधायला गेली होती. एकाला ग्रिझ्लीने धरलं, दुसऱ्याने हातांनी ओढून ते स्वतःवर घेतलं. दोघंही वाचले. आमच्या गावात अजून त्यावर बोलणं निघतं आणि एक शांतता पसरते.

---

पेठेतला
२४ सप्टेंबर, सकाळी ११:३०

हे वाचून गप्प बसलो. धागा फॉलो करतोय. वरण-भाताचं मत कायम.

---

बोझमनकर
१० नोव्हेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

शनिवारी सकाळी साडेदहाला एल्कची मादी मिळाली, एका उघड्या उतारावर, दाट झाडीपासून दोनशे यार्डांवर. शुक्रवारी संध्याकाळी पाऊण तास उजेड असताना एक नर समोर आला होता. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो रात्रभर माझ्याशी बोलला नाही.

पोट न फाडता काढलं. आमचा तास नाही, अडीच तास झाले, त्यातली पंधरा मिनिटं मी चुकीच्या सांध्याशी झटापट करण्यात घालवली. राखण वीस-वीस मिनिटांची. मित्राला मराठी येत नाही, पण मी "जय जय राम कृष्ण हरी" सुरू केल्यावर त्याने टाळ्या धरल्या. पहिल्या खेपेत मागचे दोन फरे आणि पाठीचं मांस आणलं. पुढचे दोन फरे आणि मानेचं मांस मूळ जागेपासून एकशे तीस यार्डांवर एका एकट्या पाइनला टांगलं. दहा फूट झाले नसतील, आठ-नऊ झाले. खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी समोरच्या धारेवर जाऊन बसलो. डोमकावळे झाडांवर, एकही खाली नाही. दुर्बिणीत पाहिलं तर एल्क पडली होती तिथे मातीचा ताजा उंचवटा. पाच मिनिटांनी तो उंचवटा हलला. त्याच्याशेजारी पडून राहिलेलं अस्वल उठून बसलं होतं. मोठं होतं. आमचं टांगलेलं मांस तिथून स्वच्छ दिसत होतं, कोणी हात न लावलेलं.

मित्र म्हणाला, वरून फिरून, ओरडत गेलो तर दहा मिनिटांत खाली उतरवू. मी म्हटलं, मुद्दा ते उतरवण्याचा नाही, मग तीस किलो पाठीवर घेऊन त्याच्या नाकासमोरून चालत यायचा आहे. तासभर बसलो. अस्वल हललं नाही. उलट फिरलो. खाली रेंज आल्यावर वन्यजीव खात्याला फोन केला, त्यांनी जागा आणि वेळ लिहून घेतली.

---

मिझुलाची_मावशी
१० नोव्हेंबर, रात्री ९:०५

शहाणा आहेस. घरी काय म्हणाले?

---

बोझमनकर
१० नोव्हेंबर, रात्री ९:२०

बायको म्हणाली, "अर्धं त्याचं, अर्धं आपलं, बरोबर आहे." मित्र अजून पुढचे फरे मोजतोय.

मागच्या फऱ्याचा तांबडा रस्सा केला. चरबी अजिबात नसते, लवकर चिवट होतं, मंद आचेवर तीन तास ठेवलं तेव्हा जमलं. सांगलीहून आणलेला कांदा-लसूण मसाला संपत आलाय.

---

रानभूल
११ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

डोमकावळ्यांचं लक्षात राहिलं, छान वाटलं. स्प्रे कुठे होता?

---

बोझमनकर
११ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

छातीवर. थालीपिठं पिशवीत.